आधि, व्याधि आणि उपनगरांतील एक शोध

आधि आणि व्याधि हे दोन शब्द मराठींत बहुधा जोडीनेंच येतात. मनाचें दुखणें म्हणजे आधि आणि शरीराचें दुखणें म्हणजे व्याधि, असा त्यांचा भेद कोशांत दिलेला असला, तरी बोलणारा माणूस एकापासून सुटका मागतांना दुसऱ्यापासूनहि मागून घेतो. भाषेनें इतक्या सहजपणें बांधलेली ही गांठ वैद्यकाच्या व्यवहारांत मात्र फार काळ सुटलेली राहिली. छातींत धडधड होते, पोटांत गोळा उठतो, मान व पाठ ताठून जाते, रात्रीं झोंप येत नाहीं. हृदयाचा आलेख काढावा तर तो निर्दोष निघतो, रक्त तपासावें तर तेंहि निर्दोष निघतें. डॉक्टर म्हणतात, कांहीं झालेलें नाहीं; घरचीं माणसें म्हणतात, हे मनाचे खेळ आहेत. रोगी आपल्या दुखण्यासह जेथल्या तेथें उरतो. दुखणें खरें आहे, पण त्याचें मूळ केवळ शरीरांत नाहीं, असें सांगणारा आणि मन व शरीर या दोहोंकडे एकाच वेळीं पाहणारा जाणता उपचारक कोठें मिळेल, हा त्याचा शोध येथून सुरू होतो.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील कुटुंबांना हा शोध अपरिचित नाहीं. परंतु या शोधाला शंभरांहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचें एक महत्त्वाचें पान याच उपनगरांत, अंधेरीच्या पश्चिमेस समुद्रकांठीं लिहिलें गेलें, ही गोष्ट अनेकांच्या लक्षांत नसते. तें पान वाचलें असतां केवळ जुनी माहिती मिळते असें नाहीं. खरा उपचारक कसा ओळखावा, याचीं कांहीं गमकेंहि हातीं येतात.

भारतीय वैद्यकाला आधिव्याधींचा संबंध पुरातन काळापासून ठाऊक होता. चरकसंहितेंत शरीर आणि मन हीं दोन्हीं रोगांचीं आश्रयस्थानें मानलीं आहेत, आणि आरोग्यसुखाचींहि. मनाच्या दोषांवर बुद्धि, धैर्य व आत्मज्ञान हें श्रेष्ठ औषध होय, असा निर्वाळा वाग्भटानें दिला आहे. पतंजलीनें योगसूत्रांत चित्ताला विक्षिप्त करणारे जे नऊ अंतराय सांगितले, त्यांत पहिलेंच नांव व्याधीचें आहे. आणि त्या विक्षेपाबरोबर येणाऱ्या लक्षणांत दुःख व खिन्नता यांच्या पंक्तीला त्यानें अंगाचा कंप आणि श्वासोच्छ्वासाची विषमता हीं बसविलीं आहेत. दोन लक्षणें मनाचीं आणि दोन शरीराचीं. चिंताग्रस्त मनुष्याचें याहून नेमकें वर्णन आजच्या वैद्यकालाहि थोडक्यांत करतां येणें कठीण आहे.

असें असूनहि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या सामान्य गृहस्थाला या ज्ञानाचा उपयोग जवळजवळ नव्हता. योग हा संन्यासी, बैरागी आणि हठयोगी यांचा विषय समजला जाई. तो गुरुमुखांतून गुप्तपणें शिकावयाचा, संसारी माणसानें त्याच्या वाटेस जाऊं नये, गेल्यास विपरीत होतें, अशी समजूत दृढ होती. दुसऱ्या बाजूस १८४५ सालीं सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजापासून पाश्चात्य वैद्यक मुंबईंत स्थिर झालें होतें. त्याचें बळ शवविच्छेदनांत, सूक्ष्मदर्शकांत आणि शस्त्रक्रियेंत होतें. जें डोळ्यांस दिसतें तें त्यानें उत्तम जाणलें. जें दिसत नाहीं त्यासाठीं त्याच्यापाशीं एकच दार होतें, तें म्हणजे वेड्यांचें इस्पितळ. हें इस्पितळ प्रथम कुलाब्यास होतें. पुढें १९०१ सालीं मुलुंडच्या पलीकडे ठाण्यास मोठें मनोरुग्णालय उभें राहिलें. शरीराच्या रोग्याला एक दार आणि वेड लागलेल्याला दुसरें. परंतु ज्यांना वेडहि लागलेलें नाहीं आणि इंद्रियांतहि बिघाड सांपडत नाहीं, त्यांची संख्या नेहमींच मोठी असते, आणि त्यांच्यासाठीं दार नव्हतें. त्यांतले कित्येक देवऋषी आणि भगत यांच्या अंगणांत जाऊन बसत. तेथें त्यांचें ऐकून घेणारें कोणीतरी भेटे, हें खरें. पण करणी आणि बाधा यांचें भय तेथूनच घरीं येई, हेंहि तितकेंच खरें.

अशा स्थितींत १९१६ सालीं दक्षिण गुजराथेंतील देगाम गांवचा एक तरुण मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजांत शिकावयास आला. त्याचें नांव मणिभाई हरिभाई देसाई. जन्म १८९७ चा. शरीर कमावलेलें, बुद्धि तल्लख. परंतु शहरांत आल्यावर त्याच्या मनाला एक विलक्षण खिन्नता ग्रासूं लागली. अभ्यासांत लक्ष लागेना, आयुष्याचा हेतु दिसेना. अशा मनःस्थितींत एका सोबत्याच्या आग्रहावरून तो माधवबागेंत उतरलेल्या परमहंस माधवदासजी यांच्या दर्शनास गेला. माधवदासजी हे वृद्ध योगी. नर्मदातीरीं मालसर येथें त्यांचा आश्रम होता. ही भेट निर्णायक ठरली. मणिभाईंनीं कॉलेज सोडलें, मालसरास राहून योगाचें शिक्षण घेतलें, आणि आश्रमांत आलेल्या रोग्यांवर योगोपचार कसे करतात हें जवळून पाहिलें. हेच पुढें श्रीयोगेंद्र या नांवानें प्रसिद्ध झाले. या विषयांतील एका अग्रणी उपचारकाचा आरंभ एका खिन्न विद्यार्थ्यापासून झाला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

मालसरहून परतलेल्या योगेंद्रांपुढें संन्यासाचा मार्ग मोकळा होता. त्यांनीं तो घेतला नाहीं. जें शिकलों तें संसारी माणसाच्या दारांत नेऊन ठेवावयाचें, हा त्यांचा निश्चय होता. मुंबईंत त्यांना दादाभाई नौरोजी यांच्या कुटुंबाशीं संबंधित असलेले होमी दादिना यांचा आश्रय लाभला. विलायतेंतून १९०७ सालीं कायमचे परत आल्यावर दादाभाईंनीं आयुष्याचीं अखेरचीं वर्षें वेसाव्यास काढलीं होतीं. १९१७ च्या जून महिन्यांत त्यांचें निधन झालें. कोळ्यांचें गांव, वाळूचा किनारा, नारळीचीं झाडें आणि मधून मधून धनिक पारशांचे बंगले, असें त्या वेळचें वेसावें होतें. अंधेरी स्टेशनापासूनचा रस्ता शेतांतून आणि खाजणांतून जाई. दादाभाईंच्या त्याच निवासस्थानीं २५ डिसेंबर १९१८ रोजीं योगेंद्रांनीं 'योग इन्स्टिट्यूट' स्थापन केली. संस्थापकाचें वय एकवीस वर्षांचें. त्याच वर्षाच्या पावसाळ्यांत आणि शरदांत इन्फ्ल्युएंझाच्या सांथीनें मुंबईंत हाहाकार उडविला होता. मृत्यूची छाया नुकती कोठें मागें सरत होती, अशा वेळीं हा उपक्रम सुरू झाला.

वेसाव्यास घडलेली गोष्ट वरवर पाहतां लहान होती. कांहीं शिष्य, कांहीं रोगी आणि एक तरुण शिक्षक. परंतु तींत तीन जुन्या रूढि एकदम मोडल्या गेल्या. योग हा संन्याशापुरता आहे, ही पहिली. योग हा गुप्त ठेवावयाचा आहे, ही दुसरी. आणि योग व वैद्यक यांचें एकमेकांशीं कांहीं देणें-घेणें नाहीं, ही तिसरी. १९१९ सालीं योगेंद्र अमेरिकेस गेले आणि न्यूयॉर्कनजीक त्यांनीं संस्थेची शाखा काढली. तेथील निसर्गोपचारक व डॉक्टर यांच्या सहवासांत शरीराच्या मोजमापाची आणि टिपणें ठेवण्याची शिस्त त्यांना अधिक परिचित झाली. १९२४ च्या सुमारास ते स्वदेशीं परतले. १९२७ सालीं त्यांनीं विवाह केला, आणि त्यांच्या पत्नी सीतादेवी यांनीं १९३४ सालीं स्त्रियांच्या योगशिक्षणावर स्वतंत्र इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलें. स्त्रीनें स्त्रियांसाठीं लिहिलेल्या या विषयावरील पुस्तकांत तें अगदीं आरंभींचें. त्याचें महत्त्व आज चटकन् लक्षांत येत नाहीं. त्या काळीं घरांतील सासुरवाशिणीनें आपलें मन मोकळें करण्यासाठीं परक्या पुरुषाकडे, मग तो डॉक्टर असो कीं योगी असो, जाणें बहुतेक अशक्य होतें. तिच्यापर्यंत पोहोंचणारें पुस्तक आणि शिकविणारी स्त्री हें केवढें मोठें दार होतें! संस्था मध्यंतरीं स्थलांतरें करीत १९४८ सालीं सांताक्रूझच्या पूर्वेस स्थिरावली आणि आजहि तेथेंच आहे. २०१८ सालीं तिनें शंभर वर्षें पुरीं केलीं.

माधवदासजींचा दुसरा एक शिष्य या इतिहासांत तितकाच महत्त्वाचा आहे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, हे मराठी घरांतले. जन्म १८८३ सालीं डभोई येथें. संस्कृताबद्दल जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति मिळविलेले, बडोद्यास राजरत्न माणिकराव यांच्या आखाड्यांत तयार झालेले, आणि अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले. त्यांच्या मनांत एकच प्रश्न घोळत असे: योगी जें सांगतात तें शरीरांत खरोखर घडतें काय? १९२० च्या पुढील एक-दोन वर्षांत बडोद्याच्या इस्पितळांत क्ष-किरणांच्या साह्यानें त्यांनीं उड्डियान व नौलि या क्रियांची परीक्षा केली. नौलीच्या वेळीं मोठ्या आंतड्यांत बाहेरील हवेहून कमी दाब उत्पन्न होतो, हें त्यांना आढळलें. गुरूच्या स्मरणार्थ त्यांनीं त्या पोकळीस माधवदासांचें नांव दिलें. १९२४ सालीं लोणावळ्यास त्यांनीं कैवल्यधाम स्थापिलें आणि 'योगमीमांसा' हें त्रैमासिक काढलें. १९३६ सालीं मुंबईच्या चौपाटीनजीक त्यांच्या संस्थेचें आरोग्यकेंद्र सुरू झालें. नोकरी-धंद्याचा माणूस सकाळीं तेथें जाई आणि मग कचेरी गांठी.

योगेंद्रांनीं दार उघडलें आणि कुवलयानंदांनीं तेथें दिवा आणून ठेवला, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. कारण गुप्त विद्या कितीहि खरी असली तरी रोग्याला तिची परीक्षा करतां येत नाहीं. त्याला केवळ विश्वास ठेवावा लागतो. जी विद्या मोजतां येते, छापतां येते आणि चुकली तर चूक म्हणतां येते, तिच्याविषयीं रोग्याला प्रश्न विचारतां येतात. आणि प्रश्न विचारण्याचा अधिकार हा उपचाराचाच एक भाग आहे.

याच सुमारास पश्चिमेकडेहि विचाराला वळण लागत होतें. हार्वर्ड विद्यापीठांतील वॉल्टर कॅनन हे क्ष-किरणांखालीं मांजरांच्या जठराची हालचाल पाहत असत. त्यांना असें दिसलें कीं, मांजर भ्यालें किंवा चिडलें कीं जठराची हालचाल थांबते; तें शांत झालें कीं ती पुन्हां सुरू होते. या निरीक्षणाचा धागा धरून त्यांनीं १९१५ सालीं वेदना, भूक, भय व क्रोध यांमुळें शरीरांत होणाऱ्या बदलांवर ग्रंथ लिहिला. भयाची वार्ता मेंदूला पोहोंचतांच मूत्रपिंडांवरील ग्रंथि ॲड्रिनलिन रक्तांत सोडतात. हृदय जोरानें धांवूं लागतें, रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळतें, रक्तांतील साखर वाढते, पचन मंदावतें. वाघापासून पळतांना या सगळ्याचा उपयोग होतो. परंतु रोजचें भय वाघाचें नसतें. कर्जाचा हप्ता, वरिष्ठाचा कटाक्ष, आजारी आईची काळजी, यांपासून पळावयाचें तरी कोठें? शरीर मात्र पळण्याच्या तयारींत तासन्‌तास उभें राहतें. मान ताठते, पोट बिघडतें, झोंप उडते. 'कांहीं झालेलें नाहीं' हें डॉक्टरांचें वाक्य इंद्रियापुरतें खरें असतें, आणि शरीर दुखतें हें रोग्याचें म्हणणेंहि खरें असतें.

श्वासाला या विषयांत एवढें महत्त्व कां, याचाहि उलगडा यांतूनच होतो. हृदयाचे ठोके किंवा जठराचा रस यांवर मनुष्याची सत्ता चालत नाहीं. श्वास आपोआपहि चालतो आणि इच्छेनेंहि चालवितां येतो. आंत घेतांना हृदय किंचित् जलद चालतें, बाहेर सोडतांना किंचित् मंदावतें. म्हणून संथ आणि लांब उच्छ्वासानें शरीराला स्वस्थतेचा संदेश पोहोंचवितां येतो. पतंजलीनें श्वासाची विषमता मनाच्या विक्षेपाशेजारीं ठेवली, ती निरीक्षणाच्या बळावर. कॅनन आणि त्यांच्या मागून आलेल्या संशोधकांनीं तिची यंत्रणा दाखविली.

मुंबईच्या रुग्णालयांत या दोन प्रवाहांचा संगम होण्यास आणखी कांहीं काळ जावा लागला. कलकत्त्यास गिरींद्रशेखर बोस यांनीं १९३३ सालीं सर्वसाधारण रुग्णालयांत मनोविकारांसाठीं बाह्यरुग्ण विभाग सुरू केला होता. १९३८ सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत डॉ. मसानी यांनीं तसाच विभाग काढला. मनाच्या रोग्याला ठाण्याच्या भिंतींआड न जातां, इतर रोग्यांच्याच रांगेंत बसून औषध घेतां यावें, ही साधी गोष्ट त्या काळीं मोठी क्रांतीच होती. परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत पुढें डॉ. एन. एस. वाहिया यांनीं मनोविकारशास्त्राचा विभाग नांवारूपास आणला, आणि याच विभागांत वेसावें-लोणावळ्याचा धागा परळच्या धाग्याशीं जुळला. कुवलयानंद आणि कैवल्यधामांतील डॉ. विनेकर यांनीं १९६३ सालीं यौगिक उपचारांच्या मूलतत्त्वांवर पुस्तक लिहिलें होतें. त्यांत आसनांच्याहि आधीं मनाच्या योग्य वृत्तींना स्थान दिलेलें होतें. त्यानंतर मज्जातंतु, स्नायु व ग्रंथि यांना ताण सोसण्यास समर्थ करणें, आणि मग आहार व मलशुद्धि. तेच डॉ. विनेकर १९६६ सालीं डॉ. वाहिया व डॉ. दुंगाजी यांच्यासह इंग्लंडमधील मनोविकारशास्त्राच्या प्रतिष्ठित मासिकांत प्राचीन भारतीय कल्पनांच्या उपचारांतील उपयोगाविषयीं निबंध लिहितांना दिसतात.

वाहियांच्या पुढील प्रयोगांतली एक योजना विशेष बोधप्रद आहे. त्यांनीं रोग्यांचे दोन गट केले. एका गटाला आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा व ध्यान हीं पांचहि अंगें शिकविलीं. दुसऱ्या गटाला आसन-प्राणायामांसारख्या दिसणाऱ्या हालचाली दिल्या, पण चित्त एकाग्र करण्याचा भाग वगळला. १९७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांप्रमाणें पूर्ण उपचार घेणाऱ्या गटांत सुधारणा अधिक झाली. प्रयोगांतील रोग्यांची संख्या आजच्या मापानें लहान होती, आणि एवढ्यावरून मोठमोठे सिद्धांत उभारणें युक्त नव्हे. तथापि प्रश्न विचारण्याची ती रीत मोलाची होती. आपल्याच उपचाराशेजारीं त्याची नक्कल उभी करून, फरक कशानें पडला हें तपासण्याचें धैर्य फार थोड्या उपचारकांपाशीं असतें.

उपनगरांच्या उत्तर टोकाशीं, बोरिवलीच्या खाडीपलीकडे गोराईस, या इतिहासाचें आणखी एक स्मारक आहे. २००९ सालीं उद्घाटन झालेल्या तेथील विपश्यना पॅगोडाच्या घुमटाखालीं एकहि खांब नसून सुमारें आठ हजार माणसें एकत्र ध्यानास बसूं शकतात. त्याचे प्रवर्तक सत्यनारायण गोयंका हे ब्रह्मदेशांत जन्मलेले व्यापारी. त्यांना अर्धशिशीचा असह्य त्रास होता; देशोदेशींच्या डॉक्टरांकडे जाऊनहि गुण येईना. १९५५ सालीं ते रंगून येथील सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले आणि डोकेंदुखीसाठीं ध्यान शिकावयाचें आहे असें म्हणाले. गुरूंनीं त्यांना चक्क नकार दिला. ध्यान हें मनाच्या शुद्धीसाठीं आहे, डोकेंदुखीच्या औषधासाठीं नव्हे. मन निवळलें तर वेदना ओसरेल, पण तेवढ्याचसाठीं येणार असाल तर येऊं नका, असा त्या नकाराचा आशय होता. गोयंका हेतु बदलून आले, आणि डोकेंदुखीहि गेली. १९६९ सालीं ते भारतांत आले आणि पहिलें शिबिर त्यांनीं मुंबईंतच घेतलें. २०१३ सालीं मुंबईंतच त्यांचें निधन झालें. या परंपरेंतील एक नियम मुद्दाम सांगण्यासारखा आहे. ज्यांना गंभीर मनोविकार आहे त्यांना दहा दिवसांच्या शिबिरास येण्याचा सल्ला तेथें दिला जात नाहीं. मौन व एकांत हें औषध प्रत्येक रोग्याला मानवत नाहीं, हें त्यांना ठाऊक आहे.

वेसावें, लोणावळें, परळ व गोराई यांचा हा इतिहास आजच्या रोग्याच्या कामीं कसा येतो? उपनगरांचें रूप आतां पालटलें आहे. १९२८ सालीं बोरिवलीपर्यंत विजेची गाडी सुरू झाली. १९५० आणि १९५७ या सालीं महानगरपालिकेची हद्द वाढत जाऊन मुलुंड व दहिसरपर्यंत पोहोंचली. शेतें व खाजणें जाऊन तेथें उंच इमारती आल्या, आणि दिवसाचे दोन-तीन तास गर्दीच्या डब्यांत उभ्यानें काढणाऱ्या माणसांची वस्ती झाली. उपचारकांची वाण आज पूर्वीसारखी नाहीं. उलट पाट्यांची दाटी झाली आहे. मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, योगोपचारक, नृत्योपचारक, शरीरांत सांठलेल्या आघातांवर काम करणारे मानसोपचारक, अशा कितीतरी. १९१८ सालीं दार सांपडत नव्हतें. आज दारें इतकीं आहेत कीं कोणतें ठोठवावें हें कळत नाहीं.

कायद्यानें यांत थोडी मदत केली आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून अमलांत आला. त्यानें मानसिक आजाराच्या विम्याला शारीरिक आजाराच्या विम्याच्या बरोबरीचा दर्जा दिला. आधि आणि व्याधि यांना निदान विम्याच्या कागदावर तरी एका पंक्तीस बसविलें. मानसिक आरोग्याचे व्यावसायिक कोण, हेंहि त्यानें ठरविलें, आणि त्यांत मानसरोग या विषयांत पदव्युत्तर पदवी घेतलेल्या आयुर्वेदीय वैद्यांचाहि समावेश केला. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहींत असते व ती पाहतां येते. समुपदेशक ही पाटी मात्र निरनिराळ्या शिक्षणाचे लोक लावतात. तेव्हां शिक्षण काय, तें कोठें झालें आणि कोणाच्या देखरेखीखालीं काम केलें, हें विचारून घेणें हा उद्धटपणा नव्हे.

बाकीचीं गमकें इतिहासानेंच देऊन ठेवलीं आहेत. खरा उपचारक प्रथम शरीराची तपासणी करून घेण्यास सांगतो. कारण कंठांतील ग्रंथीचा बिघाड, रक्ताची कमतरता किंवा हृदयाचा दोष हेहि धडधड आणि उदासी यांच्या रूपानें प्रकट होतात, आणि मनाच्या नांवाखालीं शरीराचा रोग झांकला जाणें हें उलट बाजूचें संकट आहे. तपासणी निर्दोष निघाली तरी तो दुखणें खोटें मानीत नाहीं. आपली रीत तो गुप्त ठेवीत नाहीं. काय करावयाचें, कां करावयाचें आणि किती दिवसांत काय अपेक्षा धरावी, हें तो आधींच सांगतो. सर्व रोगांवर एकच उपाय असल्याचा दावा तो करीत नाहीं. डॉक्टरांनीं चालू केलेलें औषध एकदम बंद करावयास तो सांगत नाहीं. शरीराला स्पर्श करून उपचार करणारा असेल, तर तो प्रथम परवानगी विचारतो आणि नकार आला तर तो मानतो. आणि जें आपल्या आवांक्याबाहेर आहे तें ओळखून, ऊ बा खिन यांच्याप्रमाणें किंवा त्यांच्या शिष्यांच्या नियमाप्रमाणें, नाहीं म्हणण्याचें धैर्य त्याच्यापाशीं असतें. ज्याला जीवन नकोसें झालें आहे त्याला आसनें शिकवीत बसणें हा अपराध होय. अशा वेळीं त्याला मनोविकारतज्ज्ञाकडे किंवा रुग्णालयांत ताबडतोब नेलें पाहिजे, आणि त्याच्याजवळ कोणीतरी राहिलें पाहिजे. २०२२ सालीं केंद्र सरकारनें सुरू केलेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्या घडीला उपयोगीं पडतो.

एक गोष्ट मात्र उपचारकाच्याहि आधींची आहे. १९१६ सालीं सेंट झेवियर कॉलेजांतील तो खिन्न विद्यार्थी आपण होऊन माधवबागेंत गेला नव्हता. त्याला साधुसंतांविषयीं फारसा विश्वासहि नव्हता. त्याच्या सोबत्यानें त्याच्या चेहऱ्यावरील उदासी पाहिली, ती खरी मानली, आणि त्याला घेऊन तो निघाला. 'मनाचे खेळ आहेत' असें म्हणून तो आपल्या पुस्तकांत डोकें खुपसून बसला असता, तर कदाचित् वेसाव्याच्या वाळूवर ती संस्था उभी राहिली नसती. इतिहासांत त्या सोबत्याला मोठें स्थान नाहीं. परंतु घाटकोपरच्या किंवा मुलुंडच्या एखाद्या घरांत आज रात्रीं कोणाला झोंप येत नसेल, तर त्याला सर्वांत आधीं गरज आहे ती अशा सोबत्याची. दार कोणतें ठोठवावें, तें दोघांना मिळून शोधतां येईल.